मॉरोविंड, कच्ची वही आणि धरणगावचा उन्हाळा

कापसाच्या जिनिंगचा सीझन एप्रिल लागता लागता आटोपतो. शेवटच्या गाठी ट्रकवर चढतात, सरकीचे हिशेब मिटतात, काट्यावरचा पोरगा गावी निघून जातो आणि माझ्यासारख्या हिशेबनिसाला दुपारी पंख्याकडे बघत बसण्याखेरीज काम उरत नाही. धरणगावात मे महिन्यात भर दुपारी घराबाहेर दिसणारा माणूस लग्नपत्रिका वाटायलाच निघालेला असतो. यंदा अशा दुपारी मी ‘मॉरोविंड’ पहिल्यापासून शेवटापर्यंत खेळून काढला.

गेम २००२ सालचा, बेथेस्डा कंपनीचा. ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतला तिसरा. याच मालिकेतला ‘स्कायरिम’ आजच्या पोरांना माहीत असतो, हा नसतो. मी तो पहिल्यांदा बघितला जळगावला हॉस्टेलवर, एका मित्राच्या कॉम्प्युटरवर. गेमच्या डब्यातून आलेला कागदी नकाशा त्यानं पलंगाशेजारी भिंतीला चिकटवला होता. त्या काळात माझ्या हाती माऊस येईपर्यंत रात्रीचा एक वाजायचा, त्यामुळे खेळणं म्हणजे बघणंच जास्त. आता सेलमध्ये विकत घेतला आणि ‘ओपनएमडब्ल्यू’वर चालवला. गेमचं मूळ इंजिन बाजूला ठेवून हौशी प्रोग्रामरांनी नव्यानं लिहिलेलं हे इंजिन फुकट मिळतं. गेमच्या मूळ फायली मात्र आपल्याकडे असाव्या लागतात. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते बिनतक्रार चाललं. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, म्हणजे लाइट गेली की गेमही गेला. म्हणून दर दोन-चार मिनिटांनी एफ-५ दाबून सेव्ह करायची सवय बोटांना लागली, ती एक्सेलमध्येही सुटत नाही.

खेळताना एकच नियम ठेवला: इंटरनेटवरची मदत घ्यायची नाही. अडलं तर वही. ऑफिसातली एक अर्धी कोरी कच्ची वही घरी आणली होती, तिच्यात डावीकडे कोणी काय सांगितलं ते लिहायचं आणि उजवीकडे प्रत्यक्षात काय निघालं ते.

सुरुवात होते जहाजावर. तुम्ही कैदी आहात, कशाचे ते कळत नाही. सेडा नीन नावाच्या दलदलीतल्या गावी उतरवतात, कचेरीत नाव-जात-धंदा विचारून कागद तयार करतात आणि एक पुडकं हातात देऊन सांगतात, बाल्मोराला जा, अमुक माणसाला भेट. बस्स. दहा वंशांतून एक निवडायचा, सत्तावीस कौशल्यांतली पाच मुख्य आणि पाच दुय्यम ठरवायची. धंद्याचं नाव स्वतः लिहिता येतं. मी रोमन अक्षरांत ‘मुनीम’ लिहिलं आणि छोटी हत्यारं, हलकं चिलखत, औषधं बनवणं, बोलणं आणि व्यापार ही पाच घेतली. कचेरीतल्या कारकुनानं पापणी न हलवता तो कागद दिला. इथंच मला गेम आवडला.

गावाबाहेर पडलो आणि चिखलातल्या एका खेकड्यानं मला जवळजवळ मारलं.

हा भाग समजावून सांगायला हवा, कारण नव्या माणसाचा गेम इथंच सुटतो. माझी बहीण आखाजीला माहेरी आली होती, तिच्याबरोबर धुळ्याहून भाचा. तो आठवीत आहे आणि फोनवर दिवसभर धडाधड गोळ्या झाडतो. माझ्या खांद्यावरून बघत होता. माझा सुरा खेकड्याच्या पाठीतून आरपार जाताना स्पष्ट दिसतोय आणि खेकड्याला काहीच होत नाही.

“मामा, हाई काय शे? सुरी लागी ऱ्हायनी ना, मंग तो मरत काब्र नही?”

कारण ती लागतच नाही. पडद्यावर दिसतो तो नुसता देखावा. वार लागला की हुकला हे आत कुठंतरी फासे टाकून ठरतं. गेम संपल्यावर मी ते सूत्र शोधून वाचलं. हत्याराचं कौशल्य घ्यायचं, त्यात चपळाईचा पाचवा आणि नशिबाचा दहावा हिस्सा मिळवायचा. अंगात पूर्ण दम असेल तर बेरजेची सव्वापट, दम पार संपला असेल तर पाऊणपट. सुरुवातीला मुख्य कौशल्य तीसच्या आसपास, चपळाई आणि नशीब चाळीस-चाळीस. म्हणजे तीस, आठ आणि चार, बेचाळीस. दम असताना शंभरात साडेबावन्न वार लागणार, धापा टाकत असाल तर साडेएकतीस. त्यातून पुढच्याचा चुकवण्याचा आकडा वजा व्हायचा तो वेगळाच. आणि या गेममध्ये पळालं की दम जातो. मग माणूस काय करतो? खेकडा दिसला की पळत जाऊन त्याच्यावर तुटून पडतो, म्हणजे नेमका पाऊणपटीत सापडतो.

कागदावर हे सूत्र चोख आहे. चालत जावं, दम राखावा, मग वार करावा, हे शहाणपण त्यात आहे. पण गेम ते कुठंच नीट सांगत नाही, आणि हुकलेला वार हुकल्यासारखा दिसतही नाही. समोरच्यानं अंग चोरलं असतं, ढाल पुढं केली असती तर भाच्यानं तो प्रश्न विचारलाच नसता. कागदावर फासे टाकून खेळायच्या खेळातला नियम आणि डोळ्यांसमोर हलणारी तलवार यांचा सांधा इथं जुळलेला नाही, आणि वीस वर्षं जुना गेम म्हणून सांभाळून घ्यावा असाही हा दोष नाही. २००२ मध्येही तो खटकत होता. हॉस्टेलवरच्या मित्राच्या शिव्या मला आठवतात.

भाच्याचा दुसरा प्रश्न होता, “जावानं कोठे? बाण कोठे शे?”

बाण नाही. नकाशावर ठिपका नाही, कडेला चमकणारी खूण नाही. माणसं तोंडी पत्ता सांगतात, तो रोजनिशीत उतरतो आणि तुम्ही तो वाचून चालू लागता. बाल्मोरात ज्याला भेटायचं तो कायस कोसाडेस उघड्या अंगानं, नशेची चिलीम जवळ ठेवून एका खोलीत राहतो आणि निघतो बादशहाचा हेर. तो पुढच्या माणसाकडे पाठवतो आणि तो माणूस आर्कंगथंड नावाच्या पडक्या वास्तूतून एक कोड्याची पेटी आणायला सांगतो. गावाबाहेर पडून अमुक किल्ल्याकडे जा, दरीवर जुना पूल लागेल, तो ओलांड, वर चढ. दार ढकलून उघडत नाही. बाजूला नळ आहेत, त्यावरची कळ फिरवावी लागते. आत सगळं अंधारलेलं, आणि ती पेटी एवढीशी, फळीवर ठेवलेली. मी तिच्यासमोरून गेलो असेन कितीदा तरी.

मला या पत्त्यांचं कौतुक वाटतं त्याला धंद्याचंही कारण आहे. सीझनमध्ये खेडा खरेदीला जातो तेव्हा चोपड्याच्या पुढं सातपुड्याच्या पायथ्याला शेतकरी असाच पत्ता सांगतो. फाट्यावरून आत या, पाटचारी ओलांडा, डीपी दिसेल, तिथून केळीच्या बागेला वळसा. मोबाइलवरचा नकाशा तिथं दोन शेतं सोडून तिसरीकडे नेतो. तोंडी पत्त्यानं जाणारा माणूस आजूबाजूला बघत जातो, आणि मॉरोविंडचं व्हार्डनफेल हे बेट बघत जाण्यासारखंच आहे. घराएवढाली अळंबी, राखेची वादळं, लांब पायांच्या अजस्र किड्याच्या पाठीवर बसून केलेला प्रवास, मध्ये लाल डोंगर. नेहमीचे किल्ले आणि हिरवी कुरणं इथं फार थोडी. बाण असता तर मी बाणाकडे बघत गेलो असतो.

वहीतलं माझं सगळ्यात आवडतं पान अवताराच्या गुहेचं आहे. भटक्या उर्शिलाकू टोळीचा प्रमुख एक कोडं सांगतो. वाऱ्याची दरी, सुईसारखा सुळका, मोत्यासारखा दगड, आणि किल्ली म्हणजे तारा. पूजेची देवी अझुरा, तिचा तारा संधिप्रकाशातला. मी उत्तरेकडून लाल डोंगर चढलो, दोनदा राखेच्या वादळात अडकलो, दरी सापडली, सुळका सापडला, दार सापडलं. दार बंद. टकटक, मंत्र, कुलूप काढायची हत्यारं, कशालाच दाद देईना. जेवायला उठलो. वरणभात खाता खाता लक्षात आलं की आपण तिथं दुपारी उभे आहोत. परत बसलो, गेममध्ये संध्याकाळ होऊ दिली. ते दार सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते आठ एवढंच उघडतं. आजवर कुठल्याही गेममध्ये मला एवढा आनंद झालेला नाही, आणि घरात तो सांगण्यासारखं कोणी जागं नव्हतं.

सगळेच पत्ते असे नाहीत हेही लिहायला पाहिजे. काही चक्क चुकीचे आहेत. पूर्व म्हटलं आणि निघालं पश्चिमेला, असंही झालं. वहीच्या उजव्या बाजूला लाल पेनानं ते सगळे नोंदवलेत. त्यात मूळ गेमची रोजनिशी तारखेप्रमाणे, सगळी कामं एकात एक मिसळलेली. कामवार यादी त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेल्या ‘ट्रिब्युनल’ या पुरवणीनं दिली. रोजकीर्द आहे पण खतावणी नाही, अशी वही माझ्या मालकानं एक दिवस चालू दिली नसती.

आता माझं खरं भांडण सांगतो. ते गुणवाढीशी आहे.

मुख्य आणि दुय्यम कौशल्यं वापरून वापरून वाढतात. त्यांत मिळून दहा वाढी झाल्या की पुढची पायरी. इथपर्यंत उत्तम: सुरा चालवणारा सुऱ्यात तयार होतो, पळणारा पळण्यात. पण पायरी चढताना ताकद, चपळाई, काटकपणा अशा गुणांपैकी तीन वाढवायला मिळतात आणि ते किती वाढणार हे मधल्या काळात त्या गुणाखालची कौशल्यं किती वेळा वाढली त्यावर ठरतं. एक ते चार वेळा वाढली तर दोननं, पाच ते सातला तीननं, आठ-नऊला चारनं, दहाला पाचनं. शिवाय प्रत्येक पायरीला काटकपणाचा दहावा हिस्सा आयुष्यात जमा होतो आणि तो मागच्या तारखेपासून लागू होत नाही. म्हणजे काटकपणा उशिरा वाढवला तर थकबाकी मिळत नाही. हे कळल्यावर माणूस गेम खेळत नाही, आकडे जुळवतो. भाला कधी हातात न धरलेला माझा मुनीम निव्वळ काटकपणाची बेरीज दहावर नेण्यासाठी भाला घेऊन उंदरांच्या मागं लागला. चिलखताचं कौशल्य वाढावं म्हणून लोक उंदराकडून चावून घेत उभे राहतात असं नंतर वाचलं आणि हसूही आलं नाही, कारण मीही तेच केलं होतं. सीझनभर दुसऱ्याच्या कापसाचे आकडे जुळवायचे आणि सीझन संपला की राक्षसांच्या बेटावर स्वतःचे.

लोक या गेमबद्दल बोलताना बाण नसणं आणि हे आकडे एकाच पोत्यात भरतात. जुना गेम, अवघड गेम, म्हणून सोडून देतात. माझ्या मते ती दोन वेगळी वजनं आहेत. बाण नसल्यामुळे जे कष्ट पडतात त्यांतून बेट कळतं. आकड्यांच्या कष्टांतून काहीच कळत नाही.

व्यापाराचीही तीच गत. मी हौसेनं व्यापार हे मुख्य कौशल्य घेतलं होतं. सुरुवातीला प्रत्येक दुकानदाराशी घासाघीस, पाच-दहा नाण्यांसाठी. मग काल्डेरा गावात एका घराच्या माडीवर क्रीपर भेटला. हा एक छोटासा सैतान, त्याच्याकडे पाच हजार नाणी असतात आणि तो माल पूर्ण भावानं घेतो. घासाघीस नाही, भावात कपात नाही. एक दिवस थांबलं की नाणी पुन्हा भरलेली. त्या दिवसानंतर माझ्या मुनिमाचं शिक्षण फुकट गेलं. औषधांचं तर विचारू नका. बुद्धी वाढवणारं औषध पिऊन बनवलेलं औषध जास्त जोरदार होतं, ते पिऊन आणखी जोरदार, याला अंतच नाही. मी दोन फेऱ्यांनंतर स्वतःहून थांबलो.

तरी ज्या मोकळेपणामुळे हे घोळ होतात त्याच मोकळेपणानं मजाही येते. मंत्र स्वतः जुळवता येतात. सेडा नीनच्या बाहेर रस्त्यावर एक जादूगार किंचाळत आकाशातून पडतो आणि मरतो. त्याच्या खिशात उडीची पत्रकं सापडतात. भाच्यानं हट्टानं त्यातलं एक वापरलं, बेटाच्या अर्ध्या वाटेवर गेला आणि जमिनीवर आपटून मेला. त्यानंतर तो जेवायलाही उठेना. टेलव्हानी जादूगारांच्या अळंबीच्या मनोऱ्यांत तर जिनाच नाही. तरंगता येत नसेल तर खालीच बसा. कथेसाठी जरूर असलेल्या माणसालाही मारता येतं. गेम फक्त सांगतो की नशिबाचा धागा तुटला, जुन्या सेव्हवर जा नाहीतर या बुडत्या जगात राहा.

माणसं मात्र कमजोर आहेत. गावातले लोक रात्रंदिवस एकाच जागी उभे. कोणी झोपायला जात नाही, दुकान बंद होत नाही. एखादा विषय दहा जणांना विचारा, आठ जण अक्षर न् अक्षर तेच उत्तर देतील. विवेक शहर दुरून बघायला थोर, वर अधांतरी लटकणारी शिळा, पण आतले सगळे चौथरे एकाच साच्यातले. एका बाईला भेटायला मी तिथं एवढा फिरलो की शेवटी दारं मोजायला लागलो. डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या क्लिफ रेसर पक्ष्यांना मी इथं एकच ओळ देतो, त्यांनी माझा वेळ त्याहून जास्त घेतला.

कथेच्या मध्यावर तीन घराण्यांनी आणि चार टोळ्यांनी तुम्हाला आपला पुढारी मानावं लागतं. ही पंचवार्षिक फेरी कंटाळवाणी आहे. या सरदाराकडून त्या सरदाराकडे, तो म्हणतो आधी माझं काम कर. हलालू घराण्यात सरळ पैसे चारून मत मिळतं. टेलव्हानींचा मुख्य गोथ्रेन “विचार करतो” म्हणतो आणि करतच राहतो, त्याला संपवल्याशिवाय गाडी पुढं जात नाही. झैनाब टोळीचा प्रमुख तर टेलव्हानी खानदानातली नवरी मागतो. सल्ला मिळतो तो असा: गुलामांच्या बाजारातून एक देखणी मुलगी विकत घे, तिला भारी कपडे घाल आणि खानदानी म्हणून दे. मी तेच करत होतो आणि बहीण पाठीमागं उभी होती.

“दादा, पोऱ्याले काय शिकाडी ऱ्हायना तू?”

तिला काय सांगणार. पण तिचं विचारणं रास्त होतं, आणि गेमची ताकद मला तिथंच दिसली. व्हार्डनफेलमध्ये गुलामगिरी कायदेशीर आहे. शेतांवर मांजरतोंडे आणि सरडेतोंडे राबतात, त्यांच्या बेड्यांच्या किल्ल्या कुठं असतात ते तुम्ही शोधू शकता, त्यांना सोडवू शकता, किंवा बघून पुढं जाऊ शकता. गेम तुमची पाठ थोपटत नाही आणि कानही धरत नाही. तसंच तुम्ही खरोखर नेरेवार या फार पूर्वी मेलेल्या सेनापतीचा अवतार आहात की बादशहाच्या हेरखात्यानं उभं केलेलं सोंग, हेही शेवटपर्यंत पक्कं होत नाही. नेरेवार कसा मेला याच्या मंदिरातल्या पोथ्या एक सांगतात, राखेतल्या टोळ्या दुसरं सांगतात, ज्याच्या नावाचं ते शहर तो देव म्हणवणारा विवेक तिसरं. मी तिन्ही वहीत शेजारी शेजारी उतरवलं आणि ताळेबंद जुळवायचा नाद सोडून दिला.

शेवटी लाल डोंगराच्या पोटात कथेतला मुख्य शत्रू डागोथ ऊर भेटतो. तो लगेच अंगावर येत नाही. आधी स्वागत करतो, प्रश्न विचारतो, तुला मी जुना मित्र समजू का, असं विचारतो. उत्तरं मी फार विचार करून दिली. त्यानंतरची मारामारी अगदीच फुसकी, कारण तोवर माझा मुनीम त्या सगळ्या उंदीर-भाला उद्योगामुळं अजिंक्य झाला होता. खास हातमोजा घालून हातोडा आणि पातं त्याला बळ देणाऱ्या देवाच्या हृदयावर चालवलं की झालं. रोगट वादळं थांबतात, आकाश निवळतं, गेम मात्र चालूच राहतो.

सुरू करणार असाल तर एवढं करा. वेग हा गुण पहिल्यापासून वाढवा, नाहीतर पहिला आठवडा गोगलगायीसारखा जाईल. मार्क आणि रिकॉल हे दोन मंत्र लवकर विकत घ्या: एकानं जागेवर खूण करता येते, दुसऱ्यानं तिथं झटक्यात परतता येतं. भांडणाआधी थांबून दम भरू द्या. गुण आपोआप वाढवून देणारे मॉड, म्हणजे हौशी लोकांनी केलेले बदल, मिळतात, त्यातला एखादा बेलाशक टाका, माझ्यासारखे उंदीर मारत बसू नका. पत्त्याच्या जागी बाण दाखवणारेही मिळतात. ते टाकू नका, त्यापेक्षा दहा रुपयांची वही घ्या. भाचा जूनमध्ये धुळ्याला परत गेला तेव्हा त्यानं माझी वही मागितली. दिली नाही, कोरी घेऊन दिली.